खाणीवरचा फेस

मला बेडकांची किळस येते. भीती नाही, किळस. हा फरक लोकांना समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं, कारण मी मूळची रत्नागिरीकडची, आणि कोकणातल्या बाईने बेडूक बघून किंचाळावं हे कुणाला पटत नाही. सिल्वासाला सरकारी शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली तेव्हा वाटलं, चला, कारखान्यांचं गाव आहे, निदान ही पीडा तरी सुटली. पहिल्याच पावसाळ्यात क्वार्टरच्या न्हाणीघरात, आरशाखाली, एक चिकटलेला दिसला. ओल्या पुठ्ठ्याचा रंग, डोळ्यामागून निघालेला काळसर पट्टा, आणि बोटांच्या टोकांना चपट्या गोल गाद्या. त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत टाइल्सवर उभाच्या उभा बसला होता. माझ्या तोंडात पेस्टचा फेस होता. तो हलला नाही, मीच बाहेर पळाले.

दुसऱ्या दिवशी तो ब्रशच्या पेल्यात होता. मग एकदा बादलीच्या कडीवर. मी कडी समजून त्यालाच धरलं. तो थंड, लिबलिबीत स्पर्श आठवला की अजूनही हात धुवावासा वाटतो. फिनेल ओतून झालं, झाडू आपटून झाला, शेवटी खिडकीला बारीक जाळी ठोकून घेतली आणि सुटले. सातवीच्या फळ्यावर बेडकाचं जीवनचक्र मात्र मी फार सुबक काढायचे. अंडी, शेपटीवाली पिल्लं, मागचे पाय, पुढचे पाय. सगळं रंगीत खडूंनी.

आमच्या क्वार्टरच्या मागे दगडाची एक जुनी खाण आहे. दगड काढायचं काम केव्हाच बंद पडलं, खड्ड्यात पाणी साठलं, कडेने करंज आणि उंबर वाढून पाण्यावर वाकले. हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात तिथे डायपर, निर्माल्याच्या पिशव्या, थर्मोकोलची ताटं आणि शिळा भात असायचा. आम्ही सगळे सुशिक्षित सरकारी नोकर. पगार वेळेवर, कचरा खाणीत. मला या लोकांचा मनस्वी तिटकारा यायचा. मीसुद्धा एकदा फुटकी प्लास्टिकची खुर्ची तिथे ढकलून दिली होती, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

इथे राहिलं की माणसाचं नाक तयार होतं. सायली गावातल्या कारखान्यांकडून वारा आला की रंगाचा आंबूस वास, दुसऱ्या बाजूने आला की जळक्या प्लास्टिकचा. पाऊस जोरात लागला की ओढ्यांवर पांढरा फेस चढतो, कारण पावसाच्या आडून कुणीतरी काहीतरी सोडून देतं. कोण ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे आमच्याकडे फेस म्हटला की तो कारखान्याचाच. दुसरा फेस असू शकतो हे डोक्यातही येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाणीवर वाकलेल्या करंजाच्या पानांवर पांढरे गोळे दिसले. मुठीएवढे, काही त्याहून मोठे, पाण्याच्या बरोबर वर लटकलेले. एक-दोन पिवळट पडले होते. माझ्या अंगावर काटाच आला. कुणीतरी झाडावर थुंकून ठेवल्यासारखं ते दिसत होतं. खाली उतरून दहा पावलं गेले असते तर जवळून बघता आलं असतं. गेले नाही. ती चिखलाची वाट, ती घाण, कोण जाणार? मी मोबाइल झूम करून फोटो काढला आणि क्वार्टरच्या ग्रुपवर टाकला: खाणीत रासायनिक सांडपाणी सोडलं जात आहे, फेस झाडांपर्यंत उडाला आहे.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. मी म्हटल्यावर शंका कोण घेणार? वरच्या मजल्यावरच्या क्लार्कना लगेच आठवलं की त्यांनी टँकरचा आवाज ऐकला होता. शेजारणीच्या मुलाची खरूज तीन महिन्यांची होती, ती आता फेसामुळे झाली. मी अर्ज लिहिला. अर्ज लिहायला मला आवडतं, खोटं कशाला बोलू? ‘तीव्र रासायनिक फेस’, ‘रहिवाशांच्या आरोग्यास गंभीर धोका’, ‘तातडीने उपाययोजना व्हावी’. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या, सर्वांत वर माझी, खाली शिक्षण आणि हुद्दा. शाळेत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, प्रार्थनेच्या वेळी माझं कौतुक केलं. मीही मान खाली घालून ते नीट ऐकून घेतलं.

एरवी या अर्जांचं काय होतं ते सांगायला नको. हा मात्र पळाला, कारण यात कुठल्या कारखान्याचं नाव नव्हतं, मालक नव्हता, नुसता एक बेवारस खड्डा होता. चार दिवसांत संबंधित कार्यालयाचे साहेब स्वतः येऊन गेले. गोड बोलणारा, पान खाणारा, सतत हसणारा माणूस. पाण्याचा नमुना घेऊ, म्हणाले, पण रिपोर्टला वेळ लागेल, तोवर लोकांच्या तब्येतीशी खेळ नको. मग माणसं आली. पाण्यात ब्लीचिंग पावडर ओतली, फेस लागलेल्या फांद्या कोयत्याने तोडून आमच्या दारासमोर रस्त्यावर आणून टाकल्या. सोमवारपासून डंपरने भराव घालून खड्डा बुजवायचं ठरलं. ग्रुपवर टाळ्यांचे हात पडले.

फांद्या तोडल्या त्याच सकाळी शाळेत खिचडी शिजवणारी मावशी भांडारघराची किल्ली न्यायला माझ्याकडे आली. ही जवळच्या रांधा गावची वारली बाई, पन्नाशी ओलांडलेली, कमी बोलणारी. दारातल्या फांद्यांपाशी ती वाकली आणि एक फेसाचा गोळा पानासकट सरळ हातात उचलून घेतला.

“मावशी, टाका ते! केमिकल आहे!” मी ओरडले.

“कसला केमिकल, बाई? यी बेडकाची अंडी हायत. झाडावरल्या बेडकाची.” तिने अंगठ्याने फेस बाजूला केला. आत साबुदाण्यासारखे फिकट दाणे होते, आणि काहींच्या आत काहीतरी हलत होतं. “मादी मागल्या पायांनी फेस घुसलते नि त्यात घालते. पोरं मोठी झाली की खाली पान्यात पडतात. म्हनून पान्यावरच बांधते. तुमाला ठावं नाय?”

मला ओकारी आली. खरंच आली, मी मोरीकडे धावले. परत आले तेव्हा तिने माझी आंघोळीची बादली घेऊन तिच्यात पाणी भरलं होतं आणि चार-पाच गोळे काठावर आडव्या काडीला अडकवले होते. “आता हितंच पडतील,” म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी वाचत बसले. आरशाखालचा आणि खाणीवरचा एकच. साधा झाडबेडूक, देशभर सापडणारा. जंगलात, शेतात, बागेत, घरात, न्हाणीघरात, जिथे ओल मिळेल तिथे राहतो. झाडाच्या ढोलीत, केळीच्या पानांच्या बेचक्यात दिवस काढतो. त्याच्या मागण्या थोड्या आहेत. पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि त्यावर वाकलेली पानं, एवढं असलं की त्याचा वंश चालतो. कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची जगभरची जी यादी ठेवतात तिच्यात तो शेवटच्या, सर्वांत कमी चिंतेच्या वर्गात आहे. वाचून पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? हायसं वाटलं. म्हणजे माझ्या हातून काही फार बिघडलेलं नाही, खाणीतले मेले तरी देशात ढीगभर आहेत. असा विचार मी केला, आणि दुसऱ्याच क्षणी मला स्वतःची जी शिसारी आली ती बेडकाच्या शिसारीहून वाईट होती.

शनिवारी मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. ते मनापासून हसले, पानाची पिंक टाकून आले, आणि त्यांनी मोबाइलवर तीच यादी काढली.

“बेन, ह्यात तर लिहिलंय, चिंता नाय. मग तुम्ही कशाला करता?”

“साहेब, चिंता नाही याचा अर्थ मारायला हरकत नाही असा होत नाही.”

“तसं नाय म्हणत मी. पण तक्रार तुमची, सही तुमची. नुसत्या बोलण्याने फाइल हलत नाय. फेस केमिकलचा नाय असं लेखी द्या. कागद लागला के डंपर बंद. बस, एवढंच काम.”

खरंच एवढंच काम होतं. एक कागद. मी तो तिथेच टेबलावर लिहू शकत होते, पेन माझ्या पर्समध्ये होतं. म्हटलं, सोमवारी देते. आधी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “वेड लागलंय का? विज्ञानाच्या बाईंना बेडकाची अंडी ओळखता आली नाहीत, हे सरकारी फाइलमध्ये घालणार? शाळेची काय अब्रू राहील? आणि खड्डा बुजला तर बिघडलं कुठे? डास तरी जातील.” मला त्यांचा राग आला. पण त्या नाही म्हणाल्या म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

सोमवारी डंपर आले. फुटक्या विटा, काँक्रीटचे तुकडे, संडासची फुटकी भांडी, सगळं शहराचं ओकलेलं त्या पाण्यात पडायला लागलं. मी खिडकी लावून घेतली. मंगळवारीही तेच. न्हाणीघरात बादलीतली पिल्लं तोवर पाण्यात पडली होती, काळी, वळवळणारी, आणि मी पिंपातून तांब्याने पाणी घेत, बादलीकडे पाठ करून आंघोळ करत होते. ब्लीचिंगने मेलेली खाणीतली पिल्लं पोटं वर करून काठाला लागली होती, त्यांचा वास गॅलरीपर्यंत यायचा. जेवण जात नव्हतं. शाळेत मावशी दिसली की मी दुसऱ्या जिन्याने जायचे.

बुधवारी मी शेवटी खाली उतरले. दहा पावलंच होती. उंबराची एक उंच फांदी कोयतेवाल्यांच्या हाताला लागली नव्हती, तिच्यावर फेसाचा एक गोळा शिल्लक होता, वरून वाळून तपकिरी झालेला. त्याच्या खालचं पाणी गेलं होतं, तिथे आता विटांचा ढीग होता. मी बघत असताना तो खालून ओला झाला आणि पिल्लं पडायला लागली. एकेक, दोन-दोन. पाण्यात पडायची म्हणून पडत होती आणि विटांवर आपटत होती. तिथेच वळवळून थांबत होती. मी गुडघ्यांवर बसून ती वेचायला लागले. हातात ती जेलीसारखी लागत होती, मला उमासे येत होते, आणि मी वेचत होते. ओंजळभर नेऊन उरलेल्या पाण्यात सोडली. त्यातली किती जगली, कोण जाणे.

तशीच चिखलाच्या पायांनी घरी आले आणि कागद लिहायला घेतला. इथे मी जे केलं ते मला नीट सांगायचं आहे. लिहायला हवं होतं ते असं: मी खाली जाऊन पाहिलं नाही, माझी चूक झाली, या खाणीवरचा फेस बेडकांचा आहे. तीन वाक्यं. पण ‘मी पाहिलं नाही’ हे हाताने उमटेना. मग मी ते शास्त्रीय भाषेत घातलं. लिहिलं: ‘या परिसरात पावसाळ्यात पाण्यालगत आढळणारा पांढरा फेस हा झाडबेडकांच्या प्रजननाचा नैसर्गिक भाग असून तो रासायनिक नसतो.’ त्यात मी कुठेच नव्हते. चूक नव्हती, खाण नव्हती, अर्जही नव्हता. मोठ्या बाईंनाही मग आक्षेप राहिला नाही. खाली सही, शिक्षण, हुद्दा. वाचून मला ते फार नेमकं वाटलं.

डंपर थांबले. साहेब शब्दाला जागले, हे मान्य करायला हवं. अर्धी खाण उरली. ग्रुपवर चार दिवस माझी टर उडाली, मग लोक विसरले आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा डायपर पडायला लागले. मागच्या पावसाळ्यात तिथल्या करंजावर फेस दिसला तेव्हा मी मुलांना घेऊन गेले, जवळून दाखवला. खिडकीची जाळी काढलेली नाही. किळस गेलेली नाही, जाणारही नाही. तिच्यामुळे बघायचं टाळणार नाही, एवढंच ठरवलं होतं. माझ्यापुरता विषय संपला होता.

या पावसाळ्यात मावशी तीन दिवस कामावर आली नाही. चौथ्या दिवशी आली ती प्लास्टिकच्या पिशवीत भाताची रोपं घेऊन. मुळं काळी, पानं पिवळी, हात लावला की गळणारी. तिच्या शेताला लागून ओढा जातो. त्याच्यावर आठवडाभर फेस चढला होता आणि पुराच्या पाण्यासोबत वावरात शिरला होता. वर्षभराचा भात त्याच वावरातून यायचा.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर रांध्याला गेले. या वेळी खाली उतरले, काठावर बसले, फेसात हात घातला. जाड, करडा, निळसर झाक असलेला, नाकाला झोंबणारा. त्यात एक अंडं नव्हतं, काठाला एक बेडूक नव्हता. हात घरी येईपर्यंत चुरचुरत होता. बाटलीत पाणी भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी साहेबांकडे गेलो.

साहेब तेच, हसणंही तेच. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, बाटलीकडे बघितलं नाही, आणि कपाटातून एक फाइल काढली. या बाजूने फेसाच्या तक्रारी नेहमीच येतात, म्हणाले, पण आता त्यांचा निकाल पटकन लागतो. प्रत्येक तक्रारीला एक झेरॉक्स जोडलेली होती. प्रत्येक झेरॉक्सवर माझं अक्षर होतं.

“बेन, हे तुम्हीच दिलंय ना?” त्यांनी वाचून दाखवलं, अगदी सावकाश. “‘या परिसरात पावसाळ्यात पाण्यालगत आढळणारा पांढरा फेस...’ सायन्स टीचरने लिहून दिलंय. आता मी काय बोलू?”

मी म्हणाले, ते खाणीबद्दल होतं. ते म्हणाले, खाण कुठे लिहिलीय? मी कागद हातात घेऊन शोधली. नव्हती. मावशी माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला कागदावरचं सगळं कळलं असावं, कारण तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग बराच वेळ टेबलावरच्या पेपरवेटकडे. मला त्या साहेबाची किळस आली, त्याच्या लाल दातांची, त्या गुळगुळीत फाइलची, आणि माझ्या त्या सुबक अक्षराची तर इतकी की कागद तिथेच फाडावासा वाटला. पण ती नुसती झेरॉक्स होती.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी नवा अर्ज लिहिला. माझी आधीची चूक, मी न पाहता केलेली पहिली तक्रार, मी लपवून लिहिलेला दुसरा कागद, सगळं सरळ शब्दांत. मावशीला वाचून दाखवला. ती म्हणाली, “यो तुमच्यापाशी ठेवा. माझ्या वावराचा वायला, येगळा लिवा.”

मी दुसरा लिहिला. तिचं शेत, तिचा ओढा, तिची रोपं, फेस पाहिलेले दिवस. खाली साक्षीदार म्हणून मी माझं नाव घालायला लागले तर तिने कागदावर हात ठेवला.

“नको बाई. तुमच्या सहीवर आता कोनाचा भरोसा नाय.”

ती रागाने बोलली नव्हती. मी मान हलवली आणि पर्समधून अंगठ्यासाठी आणलेलं शाईचं पॅड काढून तिच्यापुढे उघडलं. तिने ते बघितलं, झाकण लावलं आणि माझ्याकडे परत सरकवलं.

“पेन द्या,” म्हणाली. आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.